वाट न विचारणारे दाजी

रस्ता विचारणं म्हणजे शत्रूला शरण जाणं, असं मनापासून मानणारा माणूस सबंध सातारा-सांगली मुलखात एकच होता, आणि तो नेमका माझ्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला आला होता. दाजी लष्करातून हवालदार होऊन घरी आले ते एक ट्रंक, एक शिट्टी आणि नकाशा वाचण्याचं भयंकर ज्ञान घेऊन. दर रविवारी आष्ट्याच्या स्टँडजवळून भाड्याची सायकल घ्यायची आणि दिवस मावळेपर्यंत मुलूख पालथा घालायचा, हा त्यांचा नेम. घरचा ऊस होता, स्वतःची सायकल सहज घेता आली असती. पण "घरच्या सायकलीला घरचीच वाट ठाव असती," असं म्हणून ते विषय संपवत. सायकल निवडताना ब्रेक, घंटी, पायडल यांची अशी काही तपासणी चाले की दुकानदार चाचासुद्धा पोट आत घेऊन उभे राहत. वाटेत तासातासाला शिट्टी फुंकून ते "हॉल्ट!" म्हणत, एकटे असले तरी. चुकणं मात्र त्यांना मंजूर नव्हतं. एकदा तासगावला म्हणून निघाले आणि वारणेत पाय धुऊन परत आले, तेव्हा ताईला म्हणाले, "आमी न्हाई चुकलो. तासगावच लय लांब सरकलंय!"

ताई यावर नुसती हसायची. एकदा मात्र मला हळूच म्हणाली, "समदा मुलूख हिंडत्यात, पर वन्संच्या गावात काय ह्यांची सायकल शिरत न्हाई."

वन्सं म्हणजे दाजींच्या थोरल्या बहीण, अक्का. आई लवकर गेल्यावर त्यांनीच दाजींना लहानाचं मोठं केलं होतं. आमच्याकडे पंचमीच्या सणाला सासुरवाशिणीला माहेरी न्यायला भाऊ जातो, त्याला मुराळी म्हणतात. एका श्रावणात दाजींनी खास रजा काढून 'मुराळी म्हणून येतो' असं पत्र टाकलं आणि मिरजेला उतरताच भेटलेल्या दोस्ताबरोबर त्याच्या गावी चार दिवस हिंडायला गेले. इकडे अक्का नवं लुगडं नेसून दिवे लागेपर्यंत उंबऱ्यात बसून होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी घरी निरोप धाडला, 'आता येऊ नको म्हणावं.' दाजींनी हा एवढा एकच हुकूम बारा वर्षं पाळला.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा की तिसरा श्रावण असेल. पंचमी दोन दिवसांवर आली होती आणि मी कऱ्हाडहून ताईचा मुराळी म्हणून आष्ट्याला गेलो होतो. दाजी म्हणाले, "तायडीला उंद्या ने. आज चल, मुलूख दावतो तुला." चाचांनी दोन सायकली दिल्या आणि बजावलं, "हवालदार, दिवं लागायच्या आत आना. सनाची गर्दी हाय."

काय दिवस होता तो! घटकेत ऊन, घटकेत भुरभूर. हळदीची पानं हातभर रुंद झालेली, उसातून ओला वास येतोय, गावोगावच्या झाडांना पंचमीचे झोके बांधलेले. दाजी पुढे, मी मागे. पण एक लिंबाचं झाड, त्याच्याखालचा पार आणि शेजारचा ओढा मला तिसऱ्यांदा दिसला तेव्हा माझा धीर सुटला. पायांचे तुकडे पडले होते. भाकरीची पाटी घेऊन चाललेल्या एका बाईंना मी सरळ विचारलं, "मावशी, वड्यापल्याड कुठलं गाव?"

त्यांनी अक्कांच्याच गावाचं नाव घेतलं आणि दाजींकडे बघून म्हणाल्या, "पर ह्येंना ठाव हाय की! दर ऐतवारी हितवर येत्यात आन् पारावर बसून माघारी जात्यात."

बाई निघून गेल्या. दाजी सायकलची घंटी रुमालानं पुसत राहिले. मला हसू येत होतं आणि त्यांच्याकडे बघून वाईटही वाटत होतं. मग माझ्याकडे न बघता त्यांनी आयुष्यातली पहिली वाट विचारली.

"मुराळ्यानं दारात गेल्यावर काय म्हनायचं असतं रं?"

"काय न्हाई दाजी. न्यायला आलोय, एवढंच."

अक्का अंगणात शेंगा फोडत बसल्या होत्या. दाजी दारात अटेन्शनमध्ये उभे राहिले आणि तेवढंच म्हणाले. अक्कांनी आधी त्यांना पाहिलं, मग सायकलीला.

"भाड्याची?"

"व्हय."

"मंग बस नगंस. दिवं लागायच्या आत द्यायची आसंल."

त्या आत गेल्या आणि गाठोडं घेऊन बाहेर आल्या. गाठोडं बांधायला जेवढा वेळ लागतो, त्याच्या निम्माही त्यांना लागला नव्हता.

परतताना अक्का दाजींच्या कॅरिअरवर बसल्या होत्या. ओढा ओलांडला आणि दाजींनी समोरून येणाऱ्या पहिल्याच माणसाला हात करून थांबवलं, "आष्ट्याला हीच वाट न्हवं?" मग दुसऱ्याला, मग तिसऱ्याला. मळ्यात भांगलणाऱ्या बायकांनासुद्धा त्यांनी सोडलं नाही. पाठ असलेली वाट ते दिसेल त्याला विचारत होते आणि उत्तराची वाट न बघता सांगत होते, "अक्काला म्हायेरी नेतोय!"

"गप चल की रं," अक्का मागून म्हणत होत्या. पण एकदाही रागावून नाही.

त्या वर्षी ताई काही माझ्याबरोबर आली नाही. बारा वर्षांनी वन्सं आल्यावर ती कुठली येते! रिकाम्या हातानं परत आलेला मुराळी म्हणून आईनं माझा उद्धार केला.

आता दाजी नाहीत, अक्काही नाहीत, चाचांचं दुकानही नाही. श्रावणात कधी त्या रस्त्यानं गेलो, तर लिंबाच्या पाराजवळ मी गाडी थांबवतो आणि कुणीही दिसलं तरी विचारतो, "आष्ट्याला हीच वाट ना?"