बाटलीतलं ऑरेंज स्क्वॉश

मुलीच्या बाटलीत ऑरेंज स्क्वॉश ओतताना तो गोडसर वास आला, की मला लंडनमधल्या इल्फर्डच्या शाळेतला हिस्टरीचा वर्ग आठवतो. टेबलं सरकवून आम्ही कोर्ट मांडलं होतं. आरोपी म्हणजे, अस्पृश्यांना मनाई असलेल्या तळ्याचं पाणी आपल्या माणसांसोबत प्यायलेले नेते. त्यांची वकील मी, अंगात सरांचा काळा रेनकोट. बोलता बोलता मी अभिमानाने सांगून टाकलं, "त्या गर्दीत माझे पणजोबा होते." वर्गाने टाळ्या वाजवल्या, ज्युरीने एकमताने 'नॉट गिल्टी' म्हटलं. ज्युरीत माझी मराठी मैत्रीणही होती. रोज लंचला ती माझ्याच बाटलीतून स्क्वॉश प्यायची, न विचारता, तोंड लावून. दुसऱ्या दिवशी मी सवयीने बाटली पुढे केली, तर तिने बॅगेतून स्वतःची नवीकोरी बाटली काढली. "सॉरी हं, मम्मी म्हणते जर्म्स असतात." इतके दिवस नव्हते, एका रात्रीत झाले! आता मुलीच्या वर्गातही तोच खटला उभा राहणार आहे. "आई, तळ्यावर आपली माणसं होती, ते सांगू ना मी?" ती विचारतेय, आणि मी बाटलीचं झाकण उगाचच आवळत बसलेय.