चष्मा लावून गाणं ऐकणारे काका

मोहरीलकाका गाणं ऐकायला चष्मा लावत. गोविंदपुऱ्याच्या कारखान्यात पत्रा ठोकणाऱ्या मशीनपाशी उभा जन्म गेला, त्यात कान जवळजवळ गेलेच. तरी कान गेल्यावर बंद केलेली गाण्याची शिकवणी त्यांनी निवृत्तीनंतर पुन्हा सुरू केली. मोबाइलमधलं एक ॲप गाणाऱ्याचा सूर रेघेनं दाखवतं, हे त्यांना कळलं होतं. सूर लागला की रेघ सरळ, ढळला की वाकडी.

मी त्यांच्याकडे गेले ती बेचाळिसाव्या वर्षी, पार खचून. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत समूहगान बसवणाऱ्या बाई मला उभं करत, पण "तू नुसते ओठ हलव हं" असं बजावून. मला एकदा तरी एकटीनं गायचं होतं.

मी गायले. काका पडद्याकडे बघत राहिले.

"खालचे सूर एकदम सीधे. वर गेली की घसरते. बेटा, गळ्यात खराबी नाही, पट्टी उंच धरलीस तू. काळी चार सोड, काळी दोनवर ये."

"काका, समजूत घालताय माझी."

"मी घालीन. मशीन नाही घालणार. ते कुणाची तारीफ करत नाही, बुराईपण नाही."

रेघ सरळ ठेवायचा मला मग नादच लागला. भाजी चिरतानासुद्धा फोन समोर असायचा. चार महिन्यांनी काकांनी तो स्वतःकडे फिरवून घेतला.

"आता मी बघतो. तू ऐक. काहून घाबरते?"

त्या वर्षी काकांनी मंडळात शब्द टाकला आणि गणपतीत मला एकटीला अभंग मिळाला. पेटीवाल्यांनी सवयीनं काळी चार धरली. एरवी मी गप्प बसले असते.

"काळी दोन द्या," मी माइकवरच म्हणाले.

पुढच्या रांगेत काका, डोळ्यांवर चष्मा, गुडघ्यावर फोन. अभंग संपला, टाळ्या झाल्या, काका मात्र पडद्याकडेच बघत होते. मग उठले आणि मला ओठ हलवायला सांगणाऱ्या बाईंपुढेच त्यांनी फोन धरला.

"देखो! रेघ कुठं हलली का?"

एवढा अभिमान माझ्यासाठी कुणाच्या चेहऱ्यावर मी पाहिला नव्हता.

काका जाऊन दोन वर्षं झाली. आता मंडळाचं समूहगान मी बसवते. येईल तिची पट्टी आधी शोधते, तिला रेघ दाखवते. ओठ हलवायला कुणालाच सांगत नाही.