बंद न झालेला रस्ता

पेठच्या पुढे, उभ्या डोंगरात, आम्ही सागाचे ओंडके उतरवायला चार किलोमीटरचा कच्चा रस्ता काढला. मी वनखात्यात रस्त्याचा मिस्त्री होतो. घर नाशिक रोडच्या बौद्ध वस्तीत, वय पंचविशीच्या आत. राहायला तिथल्या वनरक्षकाच्या खोलीत. तो निफाडकडच्या मोठ्या घरातला, माझ्याहून दहा वर्षांनी थोरला. पहिल्या दिवशी माझं आडनाव विचारून झाल्यावर त्याने भाकरी मोडली, अर्धी माझ्या हातात ठेवली आणि म्हणाला, "जेव मिस्त्री, गार होईल." त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. मी त्याला दादा म्हणू लागलो.

डोंगरात रस्ता काढण्यापेक्षा तो टिकवणं अवघड. पाणी थांबलं की रस्ता दरीत जातो. म्हणून डोंगराच्या अंगाला चर आणि प्रत्येक वळणाआधी, ते पाणी रस्त्याखालून दरीत काढायला, दगडी मोरी. त्या मोऱ्यांचा दगड न् दगड मी उभा राहून बसवून घेतला.

मे महिन्यात तोड संपली. असा रस्ता मग आडवे चर खणून बंद करतात, नाहीतर लाकूडचोरांची सोय होते. मी हुकुमाची वाट बघत होतो. पेठच्या कचेरीतून टपाल दादाच आणायचा. तो म्हणाला, "साहेबांचा निरोप आहे. पुढच्या साली पलीकडचा डोंगर तोडीला धरणार. रस्ता चालू ठेव."

मी ठेवला. पावसाळाभर पाड्यावरच्या चार बायकांना घेऊन चर साफ केले. श्रावणात दरड आली, तीन दिवस माती उपसली. दादा छत्री घेऊन बघायला यायचा. "तुझ्यासारखा मिस्त्री या डोंगराने पाहिला नाही," म्हणायचा. मला ते ऐकायला फार आवडायचं.

दसऱ्यानंतर एका सकाळी मोऱ्या बघत वर गेलो, तर ओल्या मातीत ट्रकच्या जोडचाकांचे ठसे. एका मोरीचा कडेचा दगड फुटलेला. बरोबर आमच्या कामावरची सगळ्यात जुनी बाई होती.

"इथे ट्रक कुठून आला?"

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाजाराच्या दिशी येतात ना. तुमी नसता तवा."

बाजाराला मला दादाच पाठवायचा.

"मग मला सांगितलं का नाही?"

"तुमाला काय सांगायचं? रस्ता तुमीच तर नीट ठेवता. आमाला वाटलं, तुमचं नि गार्डसायबाचं एकच हाय."

वरच्या अंगाला पाल्याखाली ताज्या तोडीचे बुंधे होते.

तसाच पेठला गेलो. कारकुनाने टपालाची वही माझ्याकडे फिरवली. रस्ता बंद करण्याचा हुकूम जूनमध्येच निघाला होता. पोच म्हणून दादाची सही.

खोलीवर आलो तेव्हा तो दाढी करत होता. मी विचारलं. त्याने नाकारलं नाही.

"तुला सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस?"

"नसतं."

"म्हणूनच नाही सांगितलं. तुझं भलंच बघितलं मी. उद्या विचारलं तर तुला काही माहीतच नाही."

मला त्या पहिल्या दिवसाची अर्धी भाकरी आठवली. तीही अशीच काही हिशेबाने दिली होती का, हे विचारायचं होतं. तेवढंच विचारायचं होतं. जमलं नाही.

चोरट्या तोडीची चौकशी लागली, तेव्हा त्याने लिहून दिलं की हुकूम मिस्त्रीला वाचून दाखवला होता, रस्ता मिस्त्रीनेच चालू ठेवला.

साहेबांनी मला विचारलं, "पावसाळ्यात चर कोणी साफ केले?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"यांच्या."

"लेखी आहे?"

दादा शेजारच्या खुर्चीवर होता. शेवटपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. त्याची बदली झाली. मला दोषी धरलं नाही, पण निर्दोष असंही कोणी लिहिलं नाही. बढती अडकली ती अडकलीच.

रस्ता मीच बंद केला. त्याच चार बायका, त्याच कुदळी. सात ठिकाणी आडवे चर खणले, मोऱ्या उखडल्या. दुपारी जुनी बाई जवळ येऊन बसली. म्हणाली, "तुमाला खरंच ठावं नव्हतं?"

"नव्हतं."

तिने मान हलवली. तिला पटलं की नाही, मला आजही सांगता येत नाही.