धुतलेलं नाणं

आमची आत्या लॉन्ड्रीत कपड्यांचे डाग काढायची, गल्ला सांभाळायची आणि गल्ल्यातल्या चिल्लरीत नशीब शोधायची. नवरा गेल्यावर ती आमच्याकडे आली, ती स्वयंपाकघरातच राहिली. रात्री ओट्याशेजारी अंथरूण, पहाटे गुंडाळी. बाबा तिचे सख्खे भाऊ, पण बोलणं कामापुरतं. तिला एकच ध्यास होता, स्वतःची खोली. दोन गल्ल्या पलीकडे एक बघूनही ठेवली होती. घोडं अडलं होतं डिपॉझिटपाशी.

गल्ल्यातलं एखादं नाणं उचललं की तेवढ्याच किमतीचं स्वतःचं त्यात टाकायची. छपाईत चुकलेल्या नाण्याला संग्राहक चढा भाव देतात, म्हणून भिंगाखाली आकडे दुहेरी दिसले की मी नाचायचे आणि ती मला झापायची.

“हुरळून जाऊ नकोस. ही सावली चपटी आहे, बघ. छापताना ठसा हलला, म्हणून आकडा घसरून बारीक झाला. असली पायलीला पन्नास मिळतात. ठसा घडवतानाच आकडा दोनदा उमटला असेल, तर दोन्ही उठून दिसतात, टोकं दुभंगलेली असतात. त्याला किंमत.”

आणि एक दिवस तसलं मिळालं. ठेवणीतले कपडे घालून ती मला नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे घेऊन गेली.

त्याने भिंग लावलं. “अस्सल आहे,” तो म्हणाला. मग नाणं उजेडात तिरकं धरलं आणि त्याचा चेहरा पडला. “बाई, हे घासलंत का?”

“घासलं ना! सोड्यात भिजवून, चांगलं ब्रशने. कळकट वस्तू कुणाच्या हातात द्यायची का?”

“तिथेच घात झाला हो. सगळीकडे ओरखडे उठलेत. संग्राहक धुतलेलं नाणं घेत नाहीत.”

त्याने देऊ केलेल्या पैशात त्या खोलीचं कुलूपही आलं नसतं. मला त्याचा भयंकर राग आला. बिचाऱ्याचा काय दोष? पण आत्यावर रागवायचं तरी कसं? नाण्याचा मळ जपायचा असतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

परतताना खोलीची मालकीण दारातच भेटली. “काय, कधी येताय राहायला?”

“नाही जमायचं हो,” आत्या हसून म्हणाली. “भाऊ सोडायलाच तयार नाही. फार जीव आहे त्याचा माझ्यावर.”