वहिनींनी न दिलेले शहाळे

आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, रोज शहाळे द्यायला मीच सांगितले होते, हे मी घरात कोणाला कळू दिले नाही. पदव्युत्तर वर्गांना मी शरीरक्रियाशास्त्र शिकवतो. मुरुडहून वहिनींचा फोन आला तेव्हा पुढच्या तासाची घंटा झाली होती. आबांच्या पायांवर सूज आहे, लघवी कमी होते, असे त्या सांगत होत्या. "शहाळं द्या, लघवी साफ होईल," एवढे बोलून मी फोन ठेवला. त्या घाईत मला मूत्रपिंड तेवढे आठवले; हृदय आठवले नाही.

माड घरचेच. वहिनी सासऱ्यांना स्वतःच्या हाताने पाजत राहिल्या. एका सकाळी आबांना हातपाय उचलेनात, नाडी मंदावली. मी रुग्णालयात पोचलो तेव्हा डॉक्टरांनी विचारले, "नारळपाणी कोण देत होतं? मूत्रपिंडं थकली की त्यातलं पोटॅशियम बाहेर पडत नाही. ते रक्तात साठतं आणि हृदयाचा ठोका बिघडतो."

"मी," वहिनी म्हणाल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिलेही नाही. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, तिथेच त्यांच्यावर ओरडला. मी खिडकीपाशी उभा होतो. त्यांनी माझे नाव घेतले असते तर मी नाकारले नसते, अशी स्वतःची समजूत मी पुष्कळ वर्षे काढली.

आबा त्यातून वाचले. पुढे वयोमानाने गेले. वर्गात मूत्रपिंड आणि हृदय यांचा संबंध समजावताना मी हेच उदाहरण देत असे, सल्ला कोणाचा ते गाळून.

गेल्या मे महिन्यात मी मुरुडला असताना दादाचे व्याही आले. वहिनींनी सरबत पुढे केले.

"दारात एवढे माड, आणि आम्हाला बाटलीतलं सरबत होय?" विहीणबाई हसल्या.

"तिच्या हातचं शहाळं नको हो," दादा म्हणाला. "आबांना पोचवलंच होतं तिनं!"

सगळे हसले. वहिनीही हसल्या आणि खाली मान घालून पेले गोळा करू लागल्या.

"दादा, शहाळं द्यायला मी सांगितलं होतं," मी म्हणालो. "सूज, लघवी, सगळं त्यांनी मला फोनवर सांगितलं होतं. कळायला हवं होतं ते मला."

"जाऊ द्या ना भावजी," वहिनी हळूच म्हणाल्या, "पाहुणे आहेत."

"तुम्हाला बोलही पाहुण्यांसमोरच लागला. वहिनी, माझं चुकलं. त्या दिवशी चुकलं आणि नंतर गप्प राहिलो, ते जास्त चुकलं. मला माफ करा."