जावयाचा कोंबडा आणि पानओवा

कोंबड्याने मान टाकली आणि त्याच वेळी जावयाची गाडी दारात थांबली. जावयासाठीच ठेवलेला कोंबडा, पण भिजवलेले तांदूळ खाऊन त्याची गळ्याखालची पिशवी फुगली होती. आपोआप मेलेलं मी पानात वाढत नाही. कापेपर्यंत तरी त्याने जगावं, एवढंच माझं म्हणणं होतं.

आमच्या बीरगांवच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, पानओवा विकणारी एक बाई रोज येते. नाव मी कधी विचारलं नाही. एक पान तिच्या कानामागे खोचलेलं असतं. खोकला असो की पोटदुखी, पान तव्यावर शेकून रस घ्या म्हणते. काहीच होत नसेल तर भजी तळा म्हणते.

तिलाच हाक मारून कोंबडा दाखवला. तिने कानामागचंच पान काढलं, चुरडून आधी स्वतः हुंगलं, शिंकली आणि रस कोंबड्याच्या चोचीत पिळला. मग पिशवी चोळत बसली. कोंबड्याने ढेकर दिला आणि डोळे उघडले.

मी सुरी घेऊन आले.

"दवई खाय जीव ला ओ दिन नइ काटंय, दाई."

"औषध खाल्लेला जीव त्या दिवशी कापायचा नाही, कोणाचा नियम हाय हा?"

"मोर आय," म्हणाली. म्हणजे तिचा स्वतःचाच. वर कोंबडा मांडीवर घेऊन तिथेच बसली. भांडावं, तर पुढच्या खोकल्याला हीच लागणार.

"आई, कोंबड्याचं काय झालं?" जावयाने विचारलं.

"आजारी हाय. भजी खा."

त्याने तोंड वाकडं करून पानओव्याची भजी खाल्ली. कोंबडा जगला.