खर्रा सोडवायची खोली

दाताच्या दवाखान्यात माणूस पहिल्यांदा तोंड उघडतो ते खोटं बोलायला, दात दाखवायला नंतर. वर्ध्यातल्या एका दवाखान्यात तंबाखू सोडवायच्या खोलीत मी समुपदेशक आहे. घरी एखादा किस्सा सांगायला घ्यावा तर नवरा म्हणतो, "आधी जेवण होऊ दे." मग किस्से साठत जातात.

सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घोटला की झाला खर्रा. आमच्याकडे तो चहापेक्षा जास्त चालतो. एका कंडक्टरला मी विचारलं, "खर्रा खाता?"

"नाई मॅडम. फक्त जेवण झाल्यावर."

"म्हणजे दिवसाला दोनदाच?"

त्यानं बोटांवर मोजलं. मग म्हणाला, "मी चहाही जेवणातच धरतो."

पुलगावकडच्या एका गावात आमचं शिबिर होतं. सत्तरीच्या एक आजी आल्या. तंबाखूचं नाव काढलं तर चिडल्या. "मी नाई खात. मी गुडाखूनं दात घासतो." गुडाखू म्हणजे तंबाखूचीच काळी पेस्ट. दिवसातून किती वेळा घासता, तर सहा-सात वेळा. आमच्या डॉक्टर मॅडमनी टॉर्च मारला. तोंडात दोन दात.

"आजी, दोन दातांसाठी सहा वेळा?"

"घासतो म्हणून तं दोन उरले."

हिंगणघाटचा एक नवरदेव लग्नानंतर पाचव्याच दिवशी बायकोसोबत आला. खर्ऱ्यानं गाल आतून इतके आवळले होते, की तोंड जेमतेम उघडायचं. मंडपात तिनं गुलाबजाम पुढे केला, फोटोग्राफर म्हणतोय "मोठं उघडा, मोठं", आणि ह्याचं उघडेना. शेवटी तुकडे करून भरवला.

"तुम्हाला तेव्हा शंका नाही आली?" मी तिला विचारलं.

"मले वाटलं, लाजून राह्यले."

तो सोडून आम्ही सगळे हसलो. मग मॅडमनी सांगितलं, की तोंड पूर्वीसारखं होणं अवघड आहे, पण आज सोडलं तर निदान आणखी आवळणार नाही. हसणं थांबलं. तिनं त्याच्या खिशात हात घातला, पुडी काढली आणि माझ्या टेबलावर ठेवली. त्याला काही विचारलं नाही.

खोलीत एक पोस्टर आहे, तंबाखूत सापडणाऱ्या विषांचं. शिसं, कॅडमियम, आर्सेनिक. लोक त्याच्याकडे पाठ करून बसतात. गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करणारा एक मिस्त्री मात्र उभा राहून वाचत होता.

"मॅडम, हे शिसं म्हणजे आमच्या बॅटरीतलंच?"

"तेच."

"बॅटरीले हात लावला तं बायको साबण लावल्याबिगर लेकीले घेऊ देत नाई." तो बेसिनपाशी गेला आणि बराच वेळ चुळा भरत राहिला. परत येऊन एवढंच म्हणाला, "पन्नीवर काऊन नाई लिहत हे?"

ते पोस्टर भिंतीवर लावलं आमचे शिपाई टोंगसेकाका यांनी. पुढे त्यांच्याच गालात पांढरा चट्टा निघाला. तुकडा तपासायला पाठवला. रिपोर्ट आला. कॅन्सर नव्हता, पण त्या वाटेवर होता. काका खुर्चीत बसले. "पोस्टर सरळ लागलं का, तेवढंच पाह्यलं होतं मी," म्हणाले. तेव्हापासून त्यांचा खर्रा बंद.

आणि गजाननभाऊ. ह्यांचा स्वतःचा पानठेला. "मी खात नाई, घोटल्यावर चव पाहतो फक्त." दिवसभर प्रत्येक खर्ऱ्याची चव! मॅडमनी त्यांना स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात घालायला सांगितली. दोनच गेली. "तीन जायला पाहिजेत," मॅडम म्हणाल्या.

"असं कोणाचंही पाहता येते?" त्यांनी दोनदा विचारलं.

महिन्याभरानं आले, तेव्हा चव पाहणं खरंच सुटलं होतं. ठेला मात्र चालूच. "तो कसा सोडू मॅडम, घर त्याच्यावरच आहे."

पुढच्या सोमवारी एक ट्रक ड्रायव्हर आला. दात दुखत नव्हता, केसपेपर काढला नव्हता. उभ्यानंच म्हणाला, "मॅडम, चिठ्ठी लिहून द्या."

"कसली चिठ्ठी?"

"गजाननभाऊ खर्रा देत नाई ना. म्हणे, तुझे दोनच बोटं जाते. पहिले मॅडमची चिठ्ठी आन."